कोन्ता मामा?

नोकरीच्या पहिल्या दिवशी आपांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा उजवा हात ओढून घेतला, पाची बोटं एकत्र गोळा केली, गाठींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दोन-सहा. बस."

मी बसले. एम.एस.डब्ल्यू.ची डिग्री प्लास्टिकच्या फायलीत तशीच राहिली. मनात म्हटलं, अगं बाई, कुठं येऊन पडलो आपण! नंतर कळलं, दोन-सहा हे माझ्या बांगडीचं माप. आपांची आई मनियारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती पाटोद्यापासून धारूरपर्यंत बाजार करायची आणि आपा फ्रॉक सावरत तिच्या मागं. पाढ्यांच्या आधी त्या मापं शिकल्या. लहान पोरीचं दोन-दोन, जरा मोठी झाली की दोन-चार, चार लेकरांच्या आईचं दोन-आठ. बाईमाणूस समोर आलं की हात धरल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. बालकल्याण समितीवर नव्या मॅडम आल्या, तर भर बैठकीत यांनी त्यांचा पंजा दाबून पाहिला. "दोन-आठ. पर सूज हाय. मीठ कमी करा, मॅडम." मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं. पुढं त्यांना खरंच बीपीची गोळी सुरू झाली. आपा त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, मीच सांगत सुटले.

आमचं काम असं. घरातून पळालेलं, मारून हाकललेलं, कुठंतरी सोडून दिलेलं लेकरू सापडलं की ते बालगृहात जातं. मग कुणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, लेकरू परत पाठवण्यासारखं घर आहे की नाही ते लिहायचं. त्या घरचौकशीवर समिती निर्णय देते. तोवर लेकरू वाट बघत बसतं. काम सात माणसांचं, खुर्च्याही सात होत्या. माणसं मात्र दोन, आपा आणि मी. दोघीही संस्थेकडून अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. बाकीच्या पाच पदांपुढं भिंतीवरच्या फळ्यावर ‘रिक्त’ असं ऑइलपेंटनं लिहिलेलं. खडूनं लिहिलं असतं तर थोडी आशा तरी वाटली असती.

एकदा धारूरकडचा एक म्हातारा नातवासाठी अर्ज घेऊन आला. अर्जावर लिहिलेलं, ‘मा. रिक्त साहेब यांचे सेवेशी.’ फळ्यावर पाच ठिकाणी एकच नाव बघून त्याला वाटलं, हा मोठा अंमलदार असणार. दोन तास टोपी मांडीवर घेऊन तो साहेबांची वाट बघत बसला होता. मी हसून हसून बेजार झाले. आपा हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "साहेब दौऱ्यावर हायत, बाबा. तुमचं काम मी करती." आणि केलं.

त्या दिवसापासून सगळ्यात मोठ्या रिकाम्या खुर्चीचं नाव रिक्तसाहेब पडलं. रोज सकाळी साडेदहाला आपा त्या खुर्चीसमोर उभ्या राहून अख्खी प्रतीक्षा यादी मोठ्यानं वाचायच्या. "साहेब, ऐका. एक नंबर, दोघं भाऊ, पाटोदा, चौथा महिना. दोन नंबर, पोरगी, आई वारली, बाप सापडंना, तिसरा महिना." मी आले तेव्हा यादी वाचायला पाच मिनिटं लागायची. दिवाळीपर्यंत पंधरा लागायला लागली. झेरॉक्सवाला पोस्टमनला सांगायचा, बाईचा स्क्रू ढिला झालाय. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

"आपा, खुर्चीला काय कळतंय?" मी एकदा विचारलं.

"खुर्चीला न्हाई गं सांगत. माज्या कानाला सांगती. कागदावर असलं की डोळा चुकवून जातो. कान न्हाई जात."

‘बिचारी’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. कुणी फोनवर ‘बिचारी पोरगी’ म्हणालं की फोन तिथंच ठेवून द्यायच्या. बिचारी म्हटलं की माणसाला काम केल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. चौकशीला गेल्यावर घरचा चहा घ्यायच्या नाहीत, पाणी घ्यायच्या. चहा घेतला की जीभ गोड होते, म्हणे.

आणि चौकशीला गेल्या की आधी त्या घरी कधीच जायच्या नाहीत. सरपंचाकडं नाही, शाळेत नाही. आधी त्या गावाला बांगड्या भरणारी बाई कोण, ते शोधायच्या. जिल्ह्यातल्या निम्म्या मनियारणी त्यांना नावानं ओळखत होत्या. "कुनाचं लगीन हाय हे शाळेला लई उशिरा कळतं," त्या सांगायच्या. "हिरवा चुडा सांगितला की मनियारणीला त्याच दिशी कळतं. आन मापबी कळतं." एका गावात मुलगी एकोणीसची असल्याचा दाखला बापानं तोंडावर फेकला होता. आपांनी दाखला वाचलाही नाही. मनियारणीला विचारलं, चुडा केवढ्याचा सांगितलाय? ती म्हणाली, दोन-दोन. आपा मांडवात उभ्या राहून म्हणाल्या, "एकोनीस वर्साची बाई, आन हात नऊ वर्साचा? दाव बरं हात, बाळ." ती पोर सातवीत होती. मांडव त्याच दिवशी उतरला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपा मात्र परतीच्या काळ्या-पिवळी जीपमध्ये खुशाल घोरत होत्या.

आता जे सांगायचंय ते सांगते. जीभ रेटत नाही, पण सांगते.

सात नंबरची पोरगी चौदा वर्षांची होती. धारूरच्या घाटाखालच्या गावची, बसस्टँडवर एकटी सापडलेली. ‘बापानं मारलं’ एवढंच सांगायची, पुढं तोंडाला कुलूप. आपा बालगृहात जाऊन तिला एकदा भेटून आल्या होत्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "दोन-दोन. कायतरी गिळून बसलीय पोरगी. तिच्या गावाला मीच जानार. तू हात लावू नको."

पण जायचं कधी? त्याच आठवड्यात पाटोद्याच्या दोन भावांचं प्रकरण पेटलं आणि आपा चार दिवस तिकडं अडकल्या. इकडं समितीकडून रोज फोन. बालगृहात पोरांना झोपायला जागा नाही, निदान पाच अहवाल तरी द्या. सहीचा अधिकार एकट्या आपांनाच. वरचं पद रिक्त, त्यामुळं तो त्यांच्या गळ्यात पडलेला. म्हणून बाहेरगावी जाताना त्या चार-पाच कोऱ्या अहवालांवर सह्या करून कपाटात ठेवायच्या. नियमात बसत नव्हतं, पण दोन माणसांत सात माणसांचं काम तरी कुठल्या नियमात बसतं?

मला वाटलं, आपण यादी हलकी करू. आपा येतील आणि शाबासकी देतील. ज्या घरी फोन लागत होता त्या घरांची चौकशी मी फोनवरच करायला बसले. सात नंबरच्या बापाला फोन लावला. तो म्हणाला, "आमाला न्हाई सांबाळायची ती. तिचा मामा न्हेतो म्हनतोय. त्याच्याशी बोला." मामा लई गोड बोलला. मॅडम, मी करतो तिचं सगळं. काही कमी पडू देणार नाही. शेती आहे, पाण्याची सोय आहे. वय अठ्ठावीस.

मामा. या शब्दापाशी मी वितळले, त्याला काय करू? माझे वडील मी पाच वर्षांची असताना गेले. आई मला घेऊन तेलगावला मामाकडं आली. मामानं स्वतःच्या पोरांच्या आधी मला सायकल घेतली, दहावीच्या परीक्षेला रोज केंद्रावर सोडलं, एम.एस.डब्ल्यू.ला पाठवताना भावकीशी भांडण घेतलं. आमच्याकडं मामाला भाची देतात हे मला काय माहीत नव्हतं? माझ्याच वर्गातल्या दोघी मामाच्या घरी दिल्या होत्या, त्यांच्या लग्नात मी पुऱ्या वाढल्यात! तरी त्या दिवशी ते डोक्यात आलंच नाही. कोऱ्या अहवालावर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘मुलीचे मामा ताबा घेण्यास तयार. शेती, उत्पन्न पुरेसे. व्यसन नाही. अविवाहित. शिफारस आहे.’

समितीनं बुधवारी आदेश दिला. मामा नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पोरगी त्याला बघून रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "रडतीस कशाला, येडे? मामाकडंच चाललीस ना! मामा म्हणजे दुसरी आईच." तिनं माझ्याकडं बघितलं आणि रडणं थांबवलं. मला वाटलं, समजूत पटली.

शुक्रवारी सकाळी आपा आल्या. अंगावर एसटीची धूळ तशीच. खुर्चीसमोर उभ्या राहून यादी वाचायला लागल्या. पाच नंबर, सहा नंबर, आणि थांबल्या.

"सात नंबर कुठाय?"

"झालं, आपा!" मी उड्या मारायचीच बाकी होते. "मामा घेऊन गेला."

"कोन्ता मामा?"

"कोणता म्हणजे? मामा. आईचा भाऊ."

आपांनी अहवाल मागितला. उभ्या उभ्या वाचला. त्यांचं बोट एका शब्दावर जाऊन थांबलं, अविवाहित.

"अठ्ठावीस वर्साचा बिनलग्नाचा गडी," त्या सावकाश म्हणाल्या, "चौदा वर्साची पोर घरी न्यायला पेढे घेऊन येतो. आन तुला कायबी वाटलं न्हाई? आईचा भाऊ इचारला तू. व्हनारा नवरा कावून न्हाई इचारला?"

खरं सांगते, खोलीतला पंखा फिरताना दिसत होता पण ऐकू येईना. मला वाटलं आपा मुस्काटात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फोन काढला आणि धारूरच्या बाजारातल्या मनियारणीला लावला. फोन कानाला न लावता स्पीकर लावून टेबलावर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून, आणि पोरीच्या घरी कुणी चुडा सांगितलाय का, ते विचारलं.

"हो आपा," पलीकडून आवाज आला. "कालच भरून आले त्या घरी. दोन-दोनचा चुडा. पोरगी मूठ उघडंना, तर चौघींनी धरली तिला. आज बाराचं लगीन हाय."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

तो रस्ता मला आठवत नाही. आपांनी पोलिसांना फोन केला, जीप मिळवली, एवढं आठवतं. घाट उतरताना त्या ड्रायव्हरला एकसारखं म्हणत होत्या, "दाब बे, दाब!" मांडवात पोचलो तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या. सनईची कॅसेट चालू, बायका नटलेल्या, आणि पोरगी पाटावर. हळदीनं पिवळी, कोपरापर्यंत हिरवी. लहान मुलीला नाटकात बाई करतात तशी दिसत होती.

आपांनी पाटाजवळ जाऊन तिचा हात धरला आणि तिला उठवलं. लोक उठले, गलका झाला. तेवढ्यात नवरदेव, म्हणजे मामा, बाशिंग वर सारत पुढं आला. तो चिडला नव्हता. देवा शप्पथ, तो हसत होता! त्यानं खिशातून एक कागद काढून पोलिसांपुढं धरला. समितीचा आदेश. धारूरला जाऊन त्यानं त्याचं लॅमिनेशन करून घेतलं होतं.

"साहेब, सरकारनं ताबा दिलाय मला. वाचा की. सही हाय, शिक्का हाय."

"ताबा दिल्यावर मंग काय राहिलं?" मागून एक म्हातारा म्हणाला. "रानाचा ताबा मिळाला की मानूस पेरतोच की."

आणि बायका माना डोलवत होत्या! अख्ख्या मांडवाला वाटत होतं की ही सरकारी परवानगी आहे. माझ्या अक्षरातल्या शिफारशीवर उभा राहिलेला मांडव तो. मला तिथंच भडभडून उलटी आली. एका बाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पाठीवरून हात फिरवत विचारलं, ऊन लागलं का, मॅडम?

पोलिसांनी लग्न थांबवलं, मामाला आणि बापाला ठाण्यावर नेलं. पोरगी आमच्या जीपमध्ये बसली, आपांच्या बाजूला. मी समोर. अर्ध्या घाटात माझ्याच्यानं राहवलं नाही.

"अगं, त्या दिवशी मला का सांगितलं नाहीस? एक शब्द बोलायचास!"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुमाला ठाव नव्हतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुमीच ठरिवलंय. मी त्याच्याच लग्नाला भिऊन पळाले व्हते. आन तुमी म्हनल्या, मामा म्हंजी दुसरी आईच. मंग म्या म्हनलं, सरकारबी त्यांच्यातच हाय. आता कुनाकडं पळू?"

आपा तिच्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढत राहिल्या. घाईत भरलेल्या, घट्ट होत्या. मनगटावर ओरखडे उठले होते, चौघींनी धरल्याचे.

बालगृहात परत घेताना आणखी एक धक्का बसायचा होता. तिची जुनी फाईल बंद झालेली. आदेश निघाला की प्रकरण निकाली, असा नियम. म्हणजे नवी फाईल, नवा क्रमांक, आणि प्रतीक्षा यादीत सगळ्यात शेवटी. मी क्लार्कशी भांडले, रडले. तो तरी काय करणार? त्याच्याकडंही तीन टेबलांचं काम होतं.

मग समितीची बैठक. त्या मीठ कमी केलेल्या मॅडम समोर. अहवाल टेबलावर. "फोनवर चौकशी? मामा अविवाहित आहे हे लिहिलंय, आणि तरी शिफारस? कुणी केलं हे?"

मी बोलायला तोंड उघडलं. हे मी शपथेवर सांगते, मी उघडलं. पण घरी आई, मामाचं झालेलं ऑपरेशन, कंत्राटाचे उरलेले सहा महिने, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. आणि तेवढ्या वेळात आपा उठल्या.

"सही माजी हाय," त्या म्हणाल्या. "चौकशीबी माजीच."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघत राहिले. अक्षर माझं आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं, पण कुणाला दोन्ही माणसं घालवून चालणार नव्हतं. आपांचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपलं ते पुढं वाढलं नाही. निरोप नाही, समारंभ नाही. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "कोऱ्या कागदावर सही करू नको. मी करत व्हते, चुकलं माजं."

पंधरा दिवस मला त्यांच्या गल्लीत पाय टाकायचा धीर झाला नाही. सोळाव्या दिवशी गेले. रविवार होता. आपा दारात बसून तांदूळ निवडत होत्या, शेजारच्या त्यांच्या भावाच्या गॅरेजमधून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. मी पायरीवर बसले आणि सगळं बोलून टाकलं. मी भ्याले, मी नालायक आहे, उद्या समितीपुढं जाऊन खरं सांगते, राजीनामा देते.

आपा सुपातला खडा काढत राहिल्या.

"भ्यालीस हे खरं," त्या म्हणाल्या. "लई लाज वाटली मला तुजी. खोटं न्हाई बोलत."

मला रडू फुटलं. "मग का वाचवलंत मला? मला हाकललं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. आवाज चढला नाही, मायाही नव्हती त्यात.

"तुला कोन वाचिवलं गं? आता तुज्यापुढं कुनी मामा म्हनला की तू इचारशील, कोन्ता मामा. मरेपर्यंत इचारशील. हे शिकायला तुला एक लेकरू लागलं. तुला हाकललं असतं, तर तुज्या जागी नवी आली असती. शिकलेली, गोड बोलनारी, तुज्यासारखीच. तिला शिकवायला अजून एक लेकरू कुटून आनू?"